'मुलगीच बघा मॅडम, सिन्सियर असतात'

आमच्या एमआयडीसीत मुलींचं कौतुक करणारे मालक भरपूर आहेत. टोमणा नाही मारत, खरंच आहेत. मी कोल्हापूरजवळ शिरोलीत एका मशीन शॉपमध्ये एचआर बघते, आता एचआर म्हणजे काय तर हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), चहावाल्याचं बिल, गेटपास आणि भरती, सगळं एकाच टेबलावर. आजूबाजूच्या शेडमधल्या लोकांचेही फोन मलाच येतात, "मॅडम, तुमच्याकडं बायोडाटा पडलेले असत्यात की, एखादी चांगली मुलगी बघा." मुलगीच का हो? "मुली सिन्सियर असतात, टायमात येतात, मावा खात नाहीत, उलट बोलत नाहीत, आणि मुख्य म्हणजे आज इथं उद्या तिथं करत नाहीत."

काम काय असतं? फोन घेणं, टॅली, डिस्पॅचची बिलं, नाहीतर क्वालिटीत व्हर्नियर घेऊन मापं तपासत बसणं. आणि हेच साहेब पुढच्याच महिन्यात व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, ऑपरेटर पाहिजे म्हणून फोन करतात, परचेसला माणूस पाहिजे, कस्टमरकडं चाकण-पुण्याला जाणारा माणूस पाहिजे, तेव्हा "पोरगंच बघा हं, मुलगी नको. मुलींचं काय, लगीन ठरलं की जातात." म्हणजे बघा, सप्टेंबरात मुली टिकतात आणि ऑक्टोबरात मुली टिकत नाहीत. माणूस तोच, फोन तोच, त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

लोकांना वाटतं 'मुलगी नको' हा भेदभाव आणि 'मुलगीच पाहिजे' हे कौतुक. मला गेली काही वर्षं ह्या टेबलावर बसून असं वाटायला लागलंय की नको म्हणणाऱ्यापेक्षा हे कौतुकच जास्त महागात पडतं, कारण नको म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. कौतुक करणाऱ्याशी काय भांडणार, तो तुमच्या बाजूनंच बोलतोय असं सगळ्यांना वाटतं.

परवा असाच एक फोन होता, क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजे, डिप्लोमा मेकॅनिकल, मुलगीच. मी विचारलं पगार किती. "१४ हजारापर्यंत जाऊ." मग मी सहज विचारलं, मुलगी नाहीच मिळाली आणि मुलगा घ्यायला लागला तर? पलीकडं जरा थांबले आणि म्हणाले, "मग काय ओ, १७-१८ द्यावेच लागतील, त्याशिवाय पोरगं थांबतंय होय." झालं. सिन्सियरपणाचा हिशोब फोनवरच कळला, महिन्याला तीन-चार हजार. कामात एका अक्षराचा फरक नाही, तेच ड्रॉइंग, तेच भोकाचं माप घ्यायचं बोअर गेज, तीच रिजेक्शनची बोलणी खायची. आणि हे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, आमच्या कंपनीत कुणाच्या घरी अडचण झाली तर पहिले धावून येणाऱ्यातले आहेत. त्यांच्या डोक्यात एवढंच आहे की मुलीचा पगार म्हणजे घरात 'जोड' आणि मुलाचा पगार म्हणजे घर. ती मुलगी घरातली एकटीच कमावती असेल, बापाचं आजारपण काढत असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही कारण ते कुणी विचारतच नाही.

दुसरं म्हणजे 'जड काम'. हे तर मला पाठ झालंय. जॉब जड असतो मॅडम, मशीनवर चढवायचा उतरवायचा असतो, मुलींना झेपत नाही. बरं. मग कुठल्याही फाउंड्रीत जाऊन कोअर शॉप बघा, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे करतात ते खातं. बायका दिवसभर उभ्या राहून वाळूचे कोअर भरतात, उचलतात, ट्रॉलीवर रचतात, उन्हाळ्यात तिथं काय गरम होतं ते आत गेल्याशिवाय कळणार नाही. तिथं कुणी म्हणत नाही झेपणार नाही. कारण तिथं त्या ठेकेदाराकडच्या हेल्पर आहेत. बांधकामावर डोक्यावरनं पाट्या वाहणारी बाई, शेतातनं वैरणीचा भारा आणणारी बाई, ह्यांना कोण विचारतंय वजन किती म्हणून. वजनाचा प्रश्न येतो तो नेमका जिथं 'ऑपरेटर' किंवा 'सेटर' अशी पाटी लागते आणि पगाराची ग्रेड बदलते तिथं! आणि मोठा जॉब कुठला पोरगा तरी हातानं चढवतो, होइस्ट असतो, चेन पुली असते, नसेल तर दोघं मिळून चढवतात आणि चाळिशीत दोघांचीही कंबर गेलेली असते, ते वेगळंच.

मध्यंतरी कळंब्याच्या आयटीआयमधनं पास झालेली एक मुलगी आली होती मुलाखतीला, मशिनिस्ट ट्रेड. एकदम बिनधास्त, आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं पुरुषी 'करतो-जातो'त बोलणारी. "सेटिंग पण करतो मॅडम, टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट सगळं घेतो, प्रोग्रामात छोटा बदल असला तर तोबी करतो." आमचे प्रॉडक्शनवाले शेजारीच बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? गाव कुठलं. ठीक आहे, कोल्हापुरात हा प्रश्न सगळ्यांनाच. दुसरा, घरी कोण कोण. तिसरा, लग्नाचं काय चाललंय. तिनं सरळ सांगितलं बघायला चालू केलंय म्हणून, आणि तिथं मुलाखत संपली, म्हणजे खुर्चीत अजून पंधरा मिनिटं चालली पण संपली. मशीनचा एक प्रश्न नाही. तिच्या आधी आलेल्या मुलालाही लग्नाचं विचारलं होतं बरं का, त्याचं नुकतंच झालं होतं. त्यावर शेरा काय पडला, "चांगलंय, आता जबाबदारी आली, टिकेल."

एकच प्रश्न, दोन उत्तरं, आणि दोन्हीचा निकाल आधीच लागलेला. हे काय फक्त आपल्याकडं आहे असं नाही. अमेरिकेत कॉरेल, बेनार्ड आणि पाइक ह्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला होता, सारख्याच तोडीचे बनावट बायोडाटे करून त्यातल्या काहींत फक्त मूल असल्याची खूण घातली. आई असलेल्या उमेदवाराला लोकांनी कमी कामसू ठरवलं, सुरुवातीचा पगारही कमी सुचवला. बाप असलेल्याचं काही बिघडलं नाही, उलट काही बाबतीत त्याचा फायदाच झाला. वाचताना मला आमचे प्रॉडक्शनवालेच डोळ्यासमोर आले.

आणि आपल्याकडचा किस्सा ऐकायचा तर एलआयसीचा ऐका, हा कोर्टाच्या निकालातच आहे. नीरा माथूर म्हणून एक बाई, एलआयसीत निवड झाली, नोकरीच्या फॉर्ममध्ये रकाने होते, पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस राहिले वगैरे. पुढं त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि प्रोबेशनमध्येच त्यांना काढून टाकलं, म्हणे फॉर्ममध्ये पाळीची तारीख चुकीची लिहिली. सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं आणि एलआयसीला ते रकाने फॉर्ममधनं काढून टाकायला सांगितलं. आता फॉर्ममध्ये असलं काही कुणी छापत नाही. तोंडी विचारतात. "मिस्टर काय करतात", "सासूबाई सांभाळतील का", "पुढचं काही प्लॅनिंग?" प्लॅनिंग! हसून विचारतात त्यामुळं उत्तर देणारीही हसून देते.

बाळंतपणाचा विषय निघाला की सगळ्या मालकांचं एकच, सव्वीस आठवडे घरी बसून पगार, आमच्यासारख्या छोट्या माणसानं कुठनं द्यायचा. २०१७ ला रजा १२ आठवड्यांची २६ झाली तेव्हापासनं हे जास्तच ऐकायला लागतं. तक्रार अगदीच खोटी नाही, कारण सरकारनं रजा वाढवली पण मोठ्या पगाराच्या बाईचा सगळा खर्च मालकाच्याच गळ्यात ठेवला, तो थोडा तरी सगळ्यांत वाटायला हवा होता असं माझंही मत आहे. पण गंमत अशी की आमच्या एमआयडीसीत ज्या नोकऱ्यांबद्दल हे बोलणं चालतं त्यातल्या बहुतेक २१ हजाराच्या आतल्या आहेत, म्हणजे ईएसआयमध्ये बसणाऱ्या. आणि ईएसआयमध्ये असलेल्या बाईचा बाळंतपणातला पगार मालक देतच नाही, ईएसआय देतं! मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५, आणि तो मुलगा असो मुलगी असो दर महिन्याला भरायचाच असतो. बाईचे आधीचे वर्गणीचे दिवस भरलेले असले की पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण सरासरी पगाराइतकी रक्कम तिला ईएसआयकडनं मिळते. मालकाला त्रास एवढाच की तेवढे दिवस बदली माणूस शोधायचा. मी हे एका साहेबांना चलन दाखवून समजावून सांगितलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, वर्षानुवर्षं चलन भरत होते आणि माहीत नव्हतं. मग म्हणाले, "ते ठीक आहे ओ, पण बदली माणूस कुठनं आणायचा?"

बदली माणसाचं म्हणाल तर जरा आपल्या पोरांच्या हजेरीकडं बघूया की. गळीत हंगाम चालू झाला की "साहेब, टोळी आलीय" एवढा एक मेसेज टाकून माणूस गायब होतो. ऊस जायचा असतो, घरात दुसरं कोण नसतं, मान्य आहे, आमचे साहेब स्वतः शेतकरी आहेत त्यामुळं ते काहीच म्हणत नाहीत. मग जोतिबाची यात्रा, गावची म्हाई, गणपतीत मंडळाचं काम, ग्रामपंचायतीचं इलेक्शन असलं की आठवडाभर अर्धी शिफ्ट प्रचारात. मित्राच्या लग्नात रात्रभर डॉल्बीपुढं नाचून दुसऱ्या दिवशी दुपारी उगवणारे आहेत. २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडला तेव्हा तर सगळेच घरी होते म्हणा. ह्यातली एकही सुट्टी 'पोरांचं असंच असतं, घेऊच नये' म्हणून कुणाच्या डोक्यात साठत नाही, त्या त्या पोराच्या नावावर पडते आणि तिथंच मिटते. आणि एका मुलीनं मूल आजारी म्हणून दोन दिवस दांडी मारली की पुढची पाच वर्षं तो सगळ्या मुलींचा रेकॉर्ड. माझं सगळं म्हणणं ह्यात आलं खरं तर. पोराची चूक त्याची एकट्याची असते, पोरीची चूक सगळ्या पोरींच्या खात्यावर पडते. चांगुलपणाही तसाच, एखादी मुलगी जीव तोडून काम करते तर ते तिचं कसब नसतं, मुली सिन्सियर असतातच की. मग पगारवाढ कशाची मागणार, ते तर बाईच्या जातीनंच आलंय ना!

कायद्याचं म्हणाल तर १९७६ च्या समान वेतन कायद्यापासनं भरती करताना बाई आहे म्हणून भेदभाव करायला बंदी आहे, तोच नियम पुढं २०१९ च्या वेतन संहितेत घेतलाय. सुधा मूर्तींची पोस्टकार्डाची गोष्ट दर आठ मार्चला सगळ्या ग्रुपवर फिरते, टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं आणि त्यांनी थेट जेआरडींना पत्र पाठवलं, ती. ती १९७४ ची जाहिरात निदान कागदावर तरी होती, पोस्टकार्ड टाकायला पत्ता होता. आता जाहिरातीत सगळं सरळ असतं, 'मेल/फिमेल दोघं चालतील', आणि खरी अट मला फोनवर सांगतात. फोनवरच्या वाक्याला कुठलं पोस्टकार्ड पाठवणार?

आणि हे कोल्हापूर. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला, म्हणजे 'लायक माणूस मिळत नाही' ह्या सबबीचं काय करायचं असतं ते ह्या गावाला सव्वाशे वर्षांमागं शिकवून ठेवलंय. संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम त्यांनी रखमाबाई केळवकरांच्या हातात दिलं, त्यांची लेक डॉ. कृष्णाबाई केळवकर इथल्याच सरकारी दवाखान्यात, म्हणजे आजच्या सीपीआरला, डॉक्टर होती. महाराजांचा फोटो प्रत्येक ऑफिसात आहे, जयंतीला हार असतो, पेढे पण मीच मागवते. बाकी जाऊ दे.

एक गैरसमज असा की बाई एचआरला बसली की प्रश्न सुटला. अजिबात नाही. २०१२ चा एक अमेरिकन अभ्यास आहे मॉस-रॅक्युसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला, अर्ध्यांना जॉन नावानं, अर्ध्यांना जेनिफर नावानं. जॉनला वर्षाला सरासरी ३० हजार डॉलरच्या वर पगार सुचवला, जेनिफरला साधारण साडेसव्वीस हजार, आणि असं करण्यात बाई प्राध्यापकही पुरुषांइतक्याच पुढं होत्या. कंप्युटरला तरी भेदभाव कळत नसेल म्हणावं तर ॲमेझॉननं बायोडाटे छाननी करणारा प्रोग्राम केला होता, तो आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरनं शिकला, त्यात पुरुषच जास्त, मग तो 'विमेन्स' असा शब्द दिसला की मार्क कमी करायला लागला. २०१८ ला ती बातमी आली होती, तोपर्यंत त्यांनी तो बंद केला होता.

पोरांनाही हे बसतं, ते सांगितलं नाही तर अर्धवट होईल. रिसेप्शनला मुलाचा अर्ज आला तर लोक हसतात. बालवाडीवर पुरुष शिक्षक ठेवायची कुणाची छाती नाही. नर्सिंग केलेल्या मुलांना विचारा, एम्समध्ये तर नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना असं २०१९ मध्ये ठरवलं गेलं. माझ्या माहितीतला एक मुलगा, टॅलीत इतका हुशार, बोलायला शांत, पण "पोरगं अकाउंट्सला बसवलं की दोन वर्षांत पगार वाढवून मागतंय" म्हणून त्याला तीन ठिकाणी नको म्हटलं. म्हणजे तोच पगाराचा हिशोब, उलट्या बाजूनं.

आम्ही आमच्यापुरतं काय केलं तर फार काही नाही. नाव झाकून बायोडाटे बघायचे वगैरे मोठ्या शहरात चालत असेल, इथं बायोडाटा येतो तोच पाहुण्यांच्या फोनसकट. कुणाचा कोण, कुठलं गाव, आडनाव काय, सगळं आधी पोचलेलं असतं, आणि आडनावावरनं काय काय ठरतं तो विषय वेगळ्या पोस्टचा आहे. त्यामुळं ते सोडून दिलं. त्याऐवजी क्वालिटीच्या जागेसाठी बोलायच्या आधी काम द्यायला लागलो. टेबलावर एक ड्रॉइंग, मशीनिंग झालेली दोन-तीन कास्टिंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज. मोजा, रिपोर्ट भरा, कुठला जॉब ओके, कुठला रीवर्क, कुठला रिजेक्ट ते लिहा. बोअर लहान राहिला असेल तर रीवर्क होतो, मोठा झाला तर गेला, एवढं जरी न सांगता कळलं तरी निम्मं काम झालं. ह्यात मुलीच पुढं येतात असं काही नाही, कधी मुलगा येतो कधी मुलगी. पण गप्पांमध्ये आमच्या प्रॉडक्शनवाल्यांना जो 'एकदम चुणचुणीत' वाटला होता त्याला मायक्रोमीटरचं रीडिंग घेता येईना, हे त्यांनी स्वतःच बघितलं, मला काही बोलायची गरज पडली नाही.

पगार आधी लिहायचा, माणूस बघायच्या आधी. ह्यावर खूप घासाघीस झाली. साहेबांचं म्हणणं, आधीच आकडा सांगितला तर कमीत तयार होणारा माणूस हातचा जातो. मी म्हटलं, कमीत तयार होणारी. ते हसले, पण आता क्वालिटी आणि स्टोअरच्या जाहिरातीत आकडा लिहितो. व्हीएमसीला अजून 'अनुभवानुसार' असतं. लग्नाचा प्रश्न मुलाखतीतनं काढून टाकलाय, म्हणजे माझ्यासमोर तरी विचारत नाहीत, चहाच्या वेळी विचारतात.

ती कळंब्याची मुलगी आता दुसरीकडं गोकुळ शिरगावला लागलीय, व्हीएमसीवरच. आमच्याकडं तिला नको म्हणायचं शेवटचं कारण काय निघालं माहितीय का? शॉप फ्लोअरवर लेडीज टॉयलेट नाही. जे आहे ते ऑफिसच्या मागं, शेडमधनं जाऊन यायला दहा मिनिटं, पावसाळ्यात छत्री घेऊन. बायका-पुरुषांसाठी वेगळी सोय पाहिजे हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासनंच आहे, पण 'टॉयलेट नाही म्हणून मुलगी नको आणि मुलगी नाही म्हणून टॉयलेट कशाला' ह्यात वर्षं गेली. मी दोनदा कोटेशन मागवलं, दोन्ही वेळा फाइल तशीच राहिली.

मग गेल्या महिन्यात एका मोठ्या कस्टमरचा ऑडिटर आला, शॉपमध्ये फिरला, आणि रिपोर्टमध्ये तो एक पॉइंट लिहून गेला. तिसऱ्या दिवशी गवंडी हजर. फरशी कुठली लावायची म्हणून साहेब आता मलाच विचारतायत.